नम्रता मालंडकरने सही केली नाही

नम्रता मालंडकर घरात तोंडाळ आणि उंबऱ्याबाहेर मुकी, असं तिची आई नर्मदा सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. चुलीपाशी आईशी वाद घालताना नम्रता कुणाला ऐकायची नाही. पण तीच मुलगी मालवणच्या बाजारात दुकानदाराने नाव विचारलं की आईच्या पाठीमागे सरकायची. बारावी होऊन तीन वर्षं झाली होती. पुढे शिकायचं राहून गेलं होतं, का राहिलं ते कुणी नीट सांगू शकलं नसतं. सकाळी आईबरोबर बंदरावर जायचं, बोटी आल्या की लिलावात मिळालेली मासळी टोपल्यांत भरायची, विकून उरलेले बांगडे खारवून खळ्यात वाळत घालायचे, असे तिचे दिवस चालले होते. वडील, गुरुदास, गेली एकोणीस वर्षं देवेश खोबरेकरांच्या ट्रॉलरवर तांडेल होते. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे पाण्यावर तांडेल ठरवतो. जमिनीवर मात्र माडवेळ गावात बहुतेक गोष्टी देवेशच ठरवायचे. ते गावचे उपसरपंच होते.

जॉयसी डिसोझा माडवेळात आल्या त्या मार्चच्या उन्हात, खांद्याला कापडी पिशवी लावून. पन्नाशीची बाई, मालवणच्या एका शाळेत वीस वर्षं शिकवलेलं, आता एका संस्थेतर्फे गावोगावच्या मुलींसाठी वर्ग चालवायच्या. वर्षभर, दर शनिवारी, कुडाळला. विषय सांगितला तेव्हा खळ्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. माणसाचे हक्क, बाईचे हक्क, आणि पुढे होऊन चार माणसांत बोलायचं कसं.

"हक्काचा काय शिकतलंस?" एक म्हातारी म्हणाली. "हय बांगडे परतूक कोण येतला?"

नम्रताने फॉर्म घेतला. हक्कांचं तिला काही पडलेलं नव्हतं. शनिवारी एसटीत बसून कुडाळला जायला मिळेल, येताना आठवडा बाजार नसला तरी दुकानं तरी दिसतील, एवढाच तिचा हिशेब होता. नाव लिहायला ती पेन उघडणार तोच जॉयसींनी फॉर्मवर हात ठेवला.

"आधी पुरता वाच, बाय. मगे नाव घाल."

वर्गात बावीस मुली होत्या. पहिल्याच शनिवारी मिसनी (जॉयसींना सगळ्या मिसच म्हणत) एक साधा प्रश्न विचारला. घर सोडून अशी एक जागा सांगा, जिथे जाताना तुम्ही कुणाला विचारत नाही.

मग कुणकेश्वरकडची एक मुलगी म्हणाली, "देऊळ." तिच्याच शेजारची लगेच म्हणाली, "महिन्यातले चार दिवस सोडून." सगळ्या हसल्या, आणि हसता हसता गप्प झाल्या.

"खळं," नम्रता म्हणाली. आपण बोललो हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं. "मासे सुकवायचं खळं. थय माका कोण विचारीत नाय."

मिसनी ते फळ्यावर लिहिलं. बावीस मुलींची मिळून फळ्यावर तीनच नावं झाली.

त्या वर्षात ती पुष्कळ काही शिकली. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेत नसतील तर काय करायचं, कामाच्या जागी कुणी हात लावला तर कुणाकडे जायचं, सरकारी कचेरीत अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. पण सगळ्यात जड गेलं ते बोलणं. मिस एकेकीला पुढे उभं करायच्या. एक वाक्य बोलायचं, पूर्ण बोलायचं, आणि थांबायचं. शेवटी हसायचं नाही, "असं मला आपलं वाटतं" म्हणायचं नाही, ओढणी चाळवायची नाही. बोलून झालं की गप्प उभं राहायचं, समोरच्याला उत्तर द्यायला लागेपर्यंत. नम्रताला ते जमायला चार शनिवार लागले. पाचव्या शनिवारी तिने घरी जाऊन आईवर प्रयोग केला. नर्मदा म्हणाली, "अशी टकामका काय बघतंस? भूत लागला काय?"

ग्रामसभेचा धडा पावसाळ्यानंतर झाला. गावाची सभा भरायच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे झालेले ठराव मोठ्या सभेपुढे ठेवायचे असतात, असं मिसनी सांगितलं. नम्रताने वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेली. माडवेळात अशी सभा झालेली तिने जन्मात पाहिली नव्हती.

ती झालेली होती, हे तिला जानेवारीत कळलं.

दुपारची वेळ होती. खळ्यात बांगडे पसरलेले, बायका ओणव्या होऊन ते परतत होत्या. ग्रामपंचायतीचा शिपाई सर्वेश मोटारसायकल लावून आला, काखेत जाडजूड रजिस्टर. त्याने ते नर्मदेपुढे उघडून धरलं.

"काकी, सही करा. महिला ग्रामसभेची."

नर्मदेने पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. गेली कित्येक वर्षं ती अशीच सही करत आली होती. शाळेत चौथीपर्यंत गेलेली, सही मोठ्या अभिमानाने करायची, एकेक अक्षर सुटं सुटं.

"सभा कधी झाली?" नम्रताने विचारलं.

"काल सकाळी."

"काल सकाळी आमी सगळ्यो बंदरार होतंव."

सर्वेश हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "अगो नमू, दरवेळी असाच असता. कागद पुरो करूचो लागता."

नम्रताने आईच्या हाताखालून रजिस्टर ओढून घेतलं. वर लिहिलं होतं, उपस्थित महिला चौऱ्याहत्तर. खाली विषय होते. पहिला पाण्याचा, दुसरा अंगणवाडीचा. तिसरा तिने मोठ्याने वाचला. बंदरालगतची मोकळी जागा पर्यटकांच्या वाहनतळासाठी देण्यास उपस्थित महिलांनी सर्वानुमते संमती दिली.

भोवतालच्या बायका उभ्या राहिल्या.

"खंयची मोकळी जागा?" कुणीतरी विचारलं.

सर्वेश खाली बघत राहिला. त्याच्या पायाशी बांगडे होते.

"ही," नम्रता म्हणाली. "आमी उभ्यो आसंव ती."

नर्मदेच्या हातात पेन तसंच होतं. रजिस्टरात तिची "नर्म" एवढी दोन अक्षरं उमटली होती, उरलेली राहिली होती. तिने लेकीकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "नमू, दे ता हडे. बापूस तुझो कोणाच्या बोटीर आसा, ठावक आसा मां?"

नम्रताला ते ठाऊक होतं. तरी तिने आईच्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं आणि रजिस्टर मिटून सर्वेशच्या हातात दिलं.

"सभा झाली नाय. मी सही करूचंय नाय."

आणि ती थांबली. हसली नाही, पुढे काही बोलली नाही. सर्वेश वाट बघत राहिला, मग त्याने दुसऱ्या बाईपुढे रजिस्टर धरलं. ती म्हणाली, "माका पण वाचूक दी." तिला वाचता येत नव्हतं, हे खळ्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. त्या दिवशी सर्वेश अकरा जणींकडे फिरला आणि कोऱ्या रकान्यांचं रजिस्टर घेऊन परत गेला.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच देवेश खोबरेकर घरी आले. पांढरा सदरा, बोलणं गोड. ओटीवर खुर्चीत बसले, चहा घेतला, गुरुदासांशी हवेबद्दल, मासळीबद्दल बोलले. मग म्हणाले, "गुरुदास, चेडू कुडाळाक जाता म्हणे. बरा आसा. शिकूक होया. पण शिकलेला खंय वापरूचा, ता पण शिकवक होया."

गुरुदास पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

नम्रता दारात उभी होती. "काका, ती जागा मोकळी नाय. थय चाळीस बायका मासे सुकवतत."

"बाये, गाड्यो इल्यो तर गावाक चार पैसे मिळतत. तुमच्याच फायद्याचा आसा."

"मगे सभा घेवा आणि आमका विचारा."

देवेश तिच्याकडे बघत राहिले. उत्तर आलं ते तिला नव्हतं. "गुरुदास," ते उठत म्हणाले, "तू तांडेल माणूस. वारो खंयचो आसा, ता तुका सांगूक नको."

पुढच्या आठवड्यात बोटीवर दुसरा तांडेल चढला.

गुरुदास ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं नम्रताला वाटलं. ते नुसते बोलायचे बंद झाले. पंधरा दिवस घरात बसले, मग देवगडकडच्या एका बोटीवर काम मिळालं तिकडे गेले. जाताना बायकोचा निरोप घेतला. लेकीकडे बघितलं नाही.

त्या शनिवारी नम्रता वर्गात बसली नाही, बाहेर जिन्यातच मिसना गाठलं. "मिस, तुमी सगळा शिकवलात. बापाशीचा काम जातला ता नाय सांगलात."

जॉयसी जिन्याच्या पायरीवर बसल्या. 

"नाय सांगलंय," त्या म्हणाल्या. "सांगूक होया होता. माझी चूक आसा. आता सोडूचा आसात तर सोड, नमू. मी तुका कमी म्हणूचंय नाय."

नम्रताला वाटलं होतं, मिस धीर देतील, मोठमोठं काही बोलतील. त्यांनी हात वर केल्यावर तिला आणखीनच राग आला. तो मिसचा होता, देवेशचा होता, पंधरा दिवस मुकाट बसलेल्या बापाचाही होता. एसटीने माडवेळला परत येईपर्यंत तो राग थंड झाला नाही. घरी आल्यावर तिने वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहायला घेतला. माडवेळच्या महिलांची ग्रामसभा प्रत्यक्ष घ्यावी. खाली तिची सही, आणि दुसऱ्या दिवशी खळ्यात फिरून आणखी सव्वीस सह्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला, पण आधी तिच्याकडून दोन दोनदा वाचून घेतलं.

ग्रामसेवक अर्ज बघून म्हणाले, "ठेवून जा."

"पोच द्या, साहेब."

"शिक्का इथे नाही. नंतर ये."

ती बाकावर बसली. साहेब फोनवर बोलले, जेवायला गेले, जेवून आले. ती बसूनच होती. सर्वेशने तिला पाणी आणून दिलं. अडीच तासांनी ज्या खणात नव्हता त्याच खणातून शिक्का निघाला.

सभेची तारीख मिळाली. मंगळवार, सकाळी नऊ वाजता.

नर्मदेने नोटीस ऐकली आणि कपाळावर हात मारला. सकाळी नऊला बोटी लागतात, लिलाव होतो, त्या तासात बंदर सोडलं तर दिवसाची मासळी हातची गेली. माडवेळात राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणजे वेळ मुद्दामच तशी दिलेली होती. खळ्यात बायका जमल्या. कुणी म्हणालं, परत अर्ज करूया. कुणी म्हणालं, जाऊ दे, आपल्याला हे जमायचं नाही. नम्रताच्या वहीत याचा धडा नव्हता.

नर्मदा इतका वेळ एका बाजूला बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. ती उठली.

"घोवाचा काम गेला," ती म्हणाली. "आता भिवन कोणाचा भला जातला? लिलाव आटपून पाच मिनिटांत वर जावया. टोपल्यो घेवनच जावया."

मंगळवारी साडेनऊला ग्रामपंचायतीच्या सभागृहात अडुसष्ट बायका शिरल्या. तीसेक जणींच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांतून पाणी गळतंय, पेडवे आणि बांगडे, एकीकडे तर ताजा मोरी मासा. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून बायका जमिनीवर बसल्या, मध्ये टोपल्या ठेवून. ग्रामसेवकांनी नाकाला रुमाल लावला.

"टोपल्या बाहेर ठेवा," ते म्हणाले.

"भायर मांजरां आसत, साहेब," नर्मदा म्हणाली. "तेंका पण सभेत बसवतलात काय?"

हसू असं फुटलं की पुढच्या खुर्चीवर बसलेल्या सरपंच सत्यवतीबाईंनीही पदर तोंडाला लावला. सत्यवती या देवेशांच्या भावजय. जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा देवेशांनी त्यांना उभं केलं, निवडून आणलं, आणि तेव्हापासून दोन वर्षं ते जिथे दाखवतील तिथे त्या सही करत होत्या. आजही शेजारच्या खुर्चीत देवेश होतेच, ध्वनिक्षेपक हातात धरून.

नम्रता उभी राहिली. त्या दिवशी ती मुद्दाम आईची साडी नेसून आली होती.

"ही बायकांची सभा आसा," ती म्हणाली. "सरपंच हजर आसत. उपसरपंचांनी भायर बसाचा."

"मी नसलंय तर वयनीक काय समाजतला?" देवेश हसत म्हणाले.

कुणी हसलं नाही. सगळ्या बायका सत्यवतीबाईंकडे बघत होत्या. त्यांनी मान खाली घातली होती. समोरच्या रजिस्टरचा कोपरा त्या बोटाने दुमडत होत्या, परत सरळ करत होत्या. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की मागच्यांना ऐकूच आलं नाही.

"भावजी, तुमी भायर बसा."

"काय म्हटलंस?"

"भायर बसा," सत्यवतीबाई म्हणाल्या, या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

देवेश उठले. ध्वनिक्षेपक मात्र बरोबर घेऊन गेले.

त्याच्यावाचून काही अडलं नाही. उलट, एक वेगळीच अडचण आली. विनीता, जिच्या घरी दोन खोल्यांत पर्यटक उतरतात, ती हात वर करून उभी राहिली. "माका वाहनतळ होयो आसा," ती म्हणाली. "माझ्याकडे माणसां येतत, गाडी लावक जागा नाय म्हणान दुसऱ्या गावाक जातत. माझा पण पोट आसा." लगेच गलका झाला. देवेशची माणूस, बस खाली, गप रव, असे आवाज आले. नम्रताच्याही जिभेवर तेच आलं होतं. बाप देवगडला पडलाय आणि हिला गाड्यांची पडलीय. पण विनीता एकटी उभी होती, भोवती सत्तर आवाज, आणि तिचं वाक्य अजून पुरं झालेलं नव्हतं.

"तिका बोलूक देवा," नम्रता ओरडली. "पुरा बोलूक देवा!"

विनीता बोलली. मग दुसऱ्या बोलल्या. तासभर वाद झाला, मासळीवर दोनदा पाणी मारावं लागलं. शेवटी नर्मदेच्या शेजारणीने आठवण काढली की रस्त्यापलीकडे जुन्या शाळेचं पटांगण पडून आहे. छोटं आहे, पण पंधरा-वीस गाड्या उभ्या राहतील. ठराव झाला तो असा: खळं मासे सुकवण्यासाठीच राहील, गाड्या पटांगणात लागतील. त्रेसष्ट हात वर झाले, त्यात विनीताचाही एक होता. पाच जणी तटस्थ राहिल्या. ठराव लिहायची वेळ आली तेव्हा सत्यवतीबाईंनी नम्रताला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "ह्यो लिवतत कसो, गो? मी कधी बघूकच नाय."

मोठ्या ग्रामसभेत देवेशांनी तो ठराव बाजूला सारायचा प्रयत्न केला. पण त्या दिवशी मागच्या चार रांगा बायकांनी भरल्या होत्या, आणि ठराव वाचून दाखवायला सरपंच स्वतः उभ्या राहिल्या. वाचताना दोनदा अडखळल्या. अडखळल्या तिथून पुन्हा वाचलं. पुरुषांतूनही बरेच हात वर झाले. मासे सुकतात ते शेवटी त्यांच्याच घरात शिजतात.

खळ्यावर पाटी लागली, मासे सुकवण्याची जागा. आठ दिवसांत कुणीतरी ती उपटून टाकली. बायकांनी परत लावली. परत उपटली गेली. तिसऱ्या खेपेला रविवारी गुरुदास देवगडहून घरी आलेले होते. त्यांनी कुणाला न विचारता अर्धं पोतं सिमेंट आणलं, गुडघाभर खड्डा खणला आणि लोखंडी खांब पुरून पाटी उभी केली. नम्रता पाणी आणून देत होती. बापलेकीत तेवढ्या कामापुरतं बोलणं झालं, घमेलं दे, पाणी घाल. "बरा केलंस" असं त्यांनी अजूनही म्हटलेलं नाही. देवेशांच्या बोटीवर ते परत गेले नाहीत, आणि देवेशांनी बोलावलंही नाही. आठवड्यातले सहा दिवस ते घराबाहेर असतात. त्याची किंमत काय, हे नम्रता जाणते. कुणी तिची स्तुती करायला लागलं की ती हे आधी सांगते.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. माडवेळात बायकांची सभा दुपारी चारला भरते, हा बदलही बायकांनीच करून घेतला. पुढच्या निवडणुकीला उभी राहा म्हणून तिच्या मागे लागलेली माणसं पुष्कळ आहेत. ती अजून हो म्हणालेली नाही. मध्यंतरी तिने राहिलेलं शिक्षण मुक्त विद्यापीठातून सुरू केलं आणि जॉयसींनी तिच्या गळ्यात एक वर्गही घातला, बांद्याला.

तिथे सतरा मुली येतात. गेल्या महिन्यात वर्ग रंगात आला असताना दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले, हातात गाडीची किल्ली फिरवत. रश्मी नावाच्या मुलीचे ते काका होते.

"काय शिकवता तुम्ही इथे?" त्यांनी विचारलं. "मुली घरात उलट बोलायला लागल्यात."

"आत या, काका," नम्रता म्हणाली. "मागे जागा आहे. बसून ऐका आणि पटलं नाही तर तसं सांगा."

"मला वेळ नाही. रश्मी, चल. ऊठ."

बाकीच्या सोळा माना रश्मीकडे वळल्या. सतरा वर्षांची बारीक मुलगी, त्या दिवसापर्यंत वर्गात चार शब्दांच्या वर बोललेली नव्हती. नम्रताला मध्ये पडावंसं वाटलं. तिने हातातला खडू घट्ट धरला आणि ती थांबून राहिली.

रश्मी उठली. पिशवी उचलली नाही.

"वर्ग साडेचारला सुटता, काका," ती म्हणाली. "मी पाचच्या गाडीन येतंय."

आणि खाली बसून तिने वही उघडली.